सनद मिळते, वकिली टिकत का नाही?

काळा_गाऊन (मूळ लेखन)

जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील न्यायाधीशांमध्ये महिलांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या पुढे गेल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. त्याच न्यायालयांत समोर उभे राहून युक्तिवाद करणाऱ्या वकिलांमध्ये मात्र महिला १५ टक्क्यांच्या आसपासच आहेत, असे तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१ साली जाहीरपणे सांगितले होते. त्या वेळी देशात सुमारे १७ लाख वकील होते आणि राज्य बार कौन्सिलांवर (वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थांवर) निवडून आलेल्या सदस्यांत महिला अवघ्या २ टक्के होत्या. पदवी एकच, पुस्तके तीच, वर्गही तोच. मग न्यायासनावर बसणाऱ्यांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आणि त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्यांत त्याच्या निम्म्याही नाहीत, असे का व्हावे, हा प्रश्न या धाग्यावर मांडावासा वाटतो.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. न्यायाधीशपद ही नोकरी आहे. परीक्षा देऊन मिळणारी, पगार असलेली, रजा असलेली, आणि रजेवरून परतल्यावर खुर्ची जागेवर असण्याची हमी देणारी. वकिली हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि या स्वातंत्र्याचा आपल्याला फार अभिमान आहे. पण नोकरदार स्त्रीसाठी या देशात जेवढे संरक्षक कायदे झाले, त्यांपैकी जवळजवळ एकही या स्वातंत्र्यामुळे वकील स्त्रीपर्यंत पोहोचत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेली आणि नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत असलेली तरतूद २६ आठवड्यांची भरपगारी रजा देते, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे करते. पण स्वतःच्या नावावर वकीलपत्र दाखल करणारी बाई कोणाची कर्मचारी नसते, त्यामुळे तिला रजा द्यायला कोणी बांधील नसते. सीनिअरच्या चेंबरमध्ये सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत राबणारी ज्युनिअरसुद्धा कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिकच असते.

दरवाजा बंद होता तो काळ गेला. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला, १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचाही फेटाळला आणि अखेर १९२३ च्या कायद्याने स्त्रियांवरील बंदी उठली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. पदवी हातात पडायला १९२२ उजाडावे लागले. हा इतिहास आपण समारंभांत आवर्जून सांगतो. मात्र त्यामुळे एक सोयीस्कर समज तयार होतो, की अडथळा प्रवेशाचा होता आणि तो दूर झाला. आजची गळती प्रवेशाच्या दारात होतच नाही. ती सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत होते.

या वर्षांचे गणित पाहण्यासारखे आहे. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी सनद मिळते. पुढची चार-पाच वर्षे सीनिअरकडे काढायची, आणि त्यांत मिळणारे मानधन अनेकदा प्रवासखर्चालाही पुरत नाही. तिशीच्या आसपास स्वतःचे पक्षकार येऊ लागतात, कारण दररोज कोर्टात दिसणारा वकील लोकांच्या लक्षात राहतो. वकिलीत जाहिरातीला बंदी आहे. तेव्हा आवारात दिसत राहणे हीच काय ती प्रसिद्धी. आणि नेमक्या याच वर्षांत लग्न, गाव बदलणे, बाळंतपण आणि लहान मुलाची जबाबदारी येते. दीड-दोन वर्षांचा खंड पडला की बोर्डावरचे नाव पुसले जाते, हातातील प्रकरणे दुसऱ्यांकडे जातात, आणि पक्षकाराला दोष देता येत नाही, कारण त्याची तारीख काही थांबलेली नसते. पुरुष वकिलालाही आजारपण येते, पण त्याच्या कारकिर्दीत असा खंड आधीपासून गृहीत धरलेला नसतो.

याचा परिणाम वीस वर्षांनी वर दिसतो. उच्च न्यायालयासाठी नावांचा विचार साधारण पंचेचाळिशीनंतर होतो आणि त्या वेळी अखंड वकिली, उत्पन्न, गाजलेले निकाल असे सगळे पाहिले जाते. तिशीतला खंड तिथे जाऊन बोलतो. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश, न्या. फातिमा बीवी, १९८९ साली आल्या. त्यांच्यासह २०२५ पर्यंत एकूण अकरा महिला न्यायाधीश झाल्या. त्यांतील वकिलीतून थेट नियुक्त झालेल्या एकच, २०१८ साली न्या. इंदू मल्होत्रा. बाकीच्या दहा उच्च न्यायालयांतून आल्या. सर्वोच्च न्यायालयाने वरिष्ठ वकील म्हणून नामनिर्देशित केलेल्या पहिल्या महिला लीला सेठ, १९७७ साली. दुसऱ्या इंदू मल्होत्रा, २००७ साली. मधली तीस वर्षे कोणी लायकच नव्हते, असे कोणाला म्हणायचे असेल तर त्यांनी ते येथे लिहावे, मी उत्तर देईन.

व्यवसायातील आणि नोकरीतील सदस्यांनी, विशेषतः तालुका पातळीवर काम करणाऱ्यांनी, आपापले निरीक्षण मांडावे ही विनंती.

तालुका_बार

धागा आवश्यक होता. खंडाविषयी आपण लिहिले ते खरेच आहे; परंतु ज्या स्त्रिया एक दिवसही खंड न पाडता काम करतात, त्यांची वाटचालही संथच राहते, आणि त्याचे कारण कामाच्या वाटपात आहे.

माझ्या न्यायालयात येणारा पक्षकार पोटगीचा अर्ज असेल, घटस्फोट असेल, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील तक्रार असेल, तर महिला वकिलाचा पत्ता आपणहून विचारतो. जमिनीच्या वाटपाचा दावा, खरेदीखतावरून वाद, बांधकामाच्या कंत्राटातील येणे, अशा प्रकरणांत मात्र तो आमच्या टेबलाशी बसून कागद दाखवतो आणि मग हळूच विचारतो, “मोठे वकीलसाहेब कधी येतील?” टेबल माझे, पाटी माझी, तरी त्याच्या मते मी कोणाची तरी मदतनीस असते.

कौटुंबिक प्रकरणांना मी कमी लेखत नाही. ती अवघड असतात आणि माणसाचा कस पाहतात. पण पोटगी मागणाऱ्या स्त्रीकडे पैसे नसतात म्हणूनच ती पोटगी मागत असते. तिच्याकडून फी किती घेणार आणि ती वसूल कशी करणार? दिवाणी दाव्यात मात्र जमिनीच्या किमतीच्या हिशोबाने फी ठरते आणि प्रकरण अपिलापर्यंत गेले तर एकच पक्षकार वीस वर्षे टिकतो. म्हणजे ज्या कामात पैसा आणि नाव आहे ते काम एकीकडे, आणि ज्यात दगदग अधिक, वसुली कमी, ते दुसरीकडे. वर पुन्हा, उत्पन्न कमी आहे म्हणून “मॅडमची वकिली हौसेची” असा शेरा मिळतो. फौजदारीत तर रात्री अटक झाल्यावर पहिला फोन ज्याला जातो त्याचेच प्रकरण होते. आणि रात्री अकराला पोलीस ठाण्यात महिला वकिलाने जावे की नाही, याचा निर्णय तिच्याआधी तिच्या घरचे घेऊन मोकळे झालेले असतात.

स्वच्छतागृहांबद्दल लिहावे तेवढे थोडे. सहा हजार कनिष्ठ न्यायालयांपैकी २२ टक्के ठिकाणी महिलांसाठी वेगळे स्वच्छतागृहच नाही, हा आकडाही न्या. रमणा यांनीच दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांत पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळी व्यवस्था करण्याचा आदेश दिला. इमारतीचे बांधकाम होईल. पण पाणी आणि दाराला कडी याकडे रोज कोण पाहणार, हे आदेशात लिहून भागत नाही.

सनद_स्थगित

मी सहा वर्षे वकिली केली आणि नंतर एका कंपनीच्या विधी विभागात रुजू झाले. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे सनद स्थगित करून घ्यावी लागली. सदस्यनाम त्यावरूनच घेतले आहे.

नोकरीत संरक्षण आहे हे काळा_गाऊन यांचे म्हणणे बरोबर आहे. मला रजा मिळाली, पगार मिळाला, परत आल्यावर पद तेच होते. पण संरक्षणाला मर्यादा असते. रजेवर असताना माझ्याकडची दोन मोठी करारप्रकरणे सहकाऱ्याकडे गेली आणि ती त्याच्याकडेच राहिली. वार्षिक मूल्यमापनात “या वर्षी जबाबदारी मर्यादित होती” असे वाक्य आले, जे शब्दशः खरे होते. कायदा पद राखतो, त्या पदावरचे महत्त्वाचे काम राखत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की २६ आठवड्यांच्या रजेचा खर्च बहुतांश खासगी आस्थापनांत संपूर्णपणे मालकाच्या खिशातून जातो. त्यामुळे मुलाखतीत विवाहित तरुणीला “पुढील योजना काय?” असा अत्यंत निरागस प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्यालाही ठाऊक असते की तो काय विचारत आहे.

परतीचा मार्ग तर त्याहून बिकट आहे. सनद पुन्हा सुरू करता येते; पक्षकार पुन्हा सुरू करता येत नाहीत.

उलटतपासणी

तीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करणारा पुरुष म्हणून लिहितो. एकाच बाजूचे म्हणणे ऐकून निकाल देण्याची पद्धत आपल्या व्यवसायात नाही, एवढ्यासाठीच.

पहिला मुद्दा ३६ आणि १५ या तुलनेचा. काही राज्यांत न्यायिक सेवेच्या भरतीत महिलांसाठी राखीव जागा आहेत. ती बाब सोडून देऊन सगळे श्रेय ‘नोकरी’ या एका गोष्टीला देणे ही अर्धवट मांडणी होते. दुसरा मुद्दा असा, की सुरुवातीची वर्षे मुलांनाही उपाशीच जातात. माझ्याकडे आलेल्या खेड्यातील मुलांनी मित्राच्या खोलीत झोपून दिवस काढले आहेत. तिसरा मुद्दा कटू आहे, पण लिहितो. ज्युनिअरला अर्ज, पर्सिस (न्यायालयाला लेखी कळवायची माहिती), कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) लिहायला शिकवण्यात, उलटतपासणी कशी घ्यायची ते दाखवण्यात सीनिअरची तीन-चार वर्षे जातात. मी चार मुलींना शिकवले. चौघींनीही लग्नानंतर वकिली सोडली. पाचवीला घेताना मी विचार करीत असेन, तर त्याला द्वेष म्हणू नये.

काळा_गाऊन

राखीव जागांचा मुद्दा ग्राह्य आहे आणि तो तुलनेत धरलाच पाहिजे. मात्र राखीव जागाही तिथेच देता येतात जिथे भरतीची काही उघड पद्धत असते. वकिलीत काम ओळखीने, शिफारशीने आणि बार रूममधील गप्पांतून मिळते. तिथे राखीव काय ठेवणार? शासनाच्या, बँकांच्या आणि महामंडळांच्या वकिलांची पॅनेले मात्र याला अपवाद ठरू शकतात. ती नियुक्तीने भरली जातात, तिथून नियमित काम आणि नियमित बिले येतात, आणि दिवाणी-व्यापारी प्रकरणांचा अनुभवही मिळतो. तालुका_बार यांनी मांडलेली कोंडी फोडायची तर माझ्या मते सुरुवात पॅनेलांपासून व्हावी.

मुलांच्या हालअपेष्टा खऱ्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ते शिफारसवजा असल्यामुळे किती चेंबरनी मनावर घेतले, हे आपण सर्वजण आपापल्या आवारात पाहतोच. फरक एवढा आहे, की बिनपगारी मुलाला घर “अजून दोन वर्षे थांबू” म्हणते आणि बिनपगारी मुलीला “किती दिवस चालवायचे हे?” म्हणते. म्हणून विद्यावेतनाचा प्रश्न दोघांचा असला, तरी त्याच्या अभावी व्यवसाय आधी सोडते ती मुलगी.

आपल्या चौथ्या ज्युनिअरनंतर पाचवीबाबत आपण विचार करता, यात द्वेष आहे असे मीही म्हणणार नाही. परंतु त्या चौघींपैकी एखादीला दोन वर्षांनी परत यावेसे वाटले असेल, तर आपल्या चेंबरमध्ये तिच्यासाठी काय व्यवस्था होती, हेही आपण पाहावे. सोडून गेली ते सर्वांना दिसते; परतीला वाटच नव्हती ते सहसा कोणी मोजत नाही. दूरदृश्य प्रणालीवरील सुनावण्यांनी साथीच्या काळात ही वाट थोडी उघडली होती. त्या काळात घरून मेन्शनिंग (प्रकरण लवकर घेण्याची तोंडी विनंती) आणि किरकोळ अर्ज चालवलेल्या कितीतरी जणींना नंतर “समक्ष या” असे सांगण्यात आले. साक्षीपुरावा समक्षच व्हावा, हे मान्य. पण केवळ पुढची तारीख घेण्यासाठी तान्ह्या मुलाच्या आईने चाळीस किलोमीटर यावे, यात न्यायदानाचे काय भले होते?

अंतरिम_अर्ज

नोकरी आणि व्यवसाय यांतील फटीचे सर्वांत गंभीर उदाहरण अजून धाग्यावर आलेले नाही, म्हणून लिहिते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या १९९७ च्या विशाखा निकालापासून २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यापर्यंत सारी रचना ‘मालक आणि कर्मचारी’ या नात्यावर उभी आहे. मेधा कोतवाल लेले प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिल आणि वकील संघटनांनीही विशाखाची मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असे बजावले होते, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या आवारासाठी स्वतंत्र नियम केले. परंतु जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-कर्मचारी संबंध नसल्यामुळे एका वकिलाने दुसऱ्या वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारींसाठी बार कौन्सिलवर २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती नेमण्याचे बंधन नाही; अशा महिलेने अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करावी.

कायद्याचा अर्थ म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की बँकेतील लिपिक स्त्रीला जी समिती हक्काने मिळते ती वकील स्त्रीला मिळत नाही. कलम ३५ ची चौकशी शिस्तपालन समिती करते, तिथे गोपनीयतेची आणि मुदतीची ती तजवीज नसते जी २०१३ च्या कायद्यात आहे, आणि समितीवर बसलेले लोक व्यवसायबंधूच असतात. तक्रार बहुधा ज्याच्याविरुद्ध असते त्याच्याच शिफारशीवर ज्युनिअरला पुढचे काम मिळणार असते. त्यामुळे तक्रार होतच नाही, आणि तक्रारी नाहीत म्हणून सारे आलबेल आहे असे मानले जाते. ज्यांना हा प्रश्न तात्त्विक वाटतो त्यांनी आपल्या वकील संघाच्या फलकावर अशी एखादी समिती, तिच्या सदस्यांची नावे आणि संपर्क क्रमांक लावलेले आहेत का, ते उद्या पाहून यावे.

पहिले_वकीलपत्र

माझी सनद या वर्षीची आहे. सर्वांचे प्रतिसाद वाचून थोडी धास्ती वाटली, हे खरे. माझ्या वर्गातील बहुतेक मुली न्यायिक सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होत्या, कारण पदवीनंतर लगेच परीक्षा देता येत होती आणि घरच्यांनाही ती वाट सुरक्षित वाटत होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायाधीशाला कोर्टाचा अनुभव असावा, याला माझा विरोध नाही. पण या धाग्यावर ज्या तीन वर्षांचे वर्णन चालले आहे, नेमकी तीच बिनपगारी तीन वर्षे आता त्या परीक्षेच्या आधी आली आहेत. माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी लग्नाची बोलणी त्यामुळे पुढे सरकली. ३६ टक्क्यांचा आकडा पाच-सात वर्षांनी किती राहतो, हे पाहावे लागेल.

उलटतपासणी

पहिले_वकीलपत्र यांचा मुद्दा मला सुचला नव्हता. तीन वर्षांच्या अटीचे मी बार रूममध्ये स्वागतच केले होते आणि अनुभवाच्या बाबतीत आजही माझे मत तेच आहे. परंतु ती अट घालायची तर त्या तीन वर्षांचे विद्यावेतन ऐच्छिक ठेवता येणार नाही, इतके मान्य करतो.

तालुका_बार

प्रतिनिधित्वाच्या बाबतीत काही हालचाल दिसते, तिची नोंद घ्यावी. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या वकील संघाच्या कार्यकारिणीत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलांत ३० टक्के प्रतिनिधित्वाचा आदेश झाला. तालुका संघांपर्यंत हे आपोआप उतरणार नाही. आमच्याकडे महिला सदस्याला वर्षानुवर्षे ‘सहसचिव’ करतात आणि ती महिलादिनाचे सूत्रसंचालन करते. चेंबरचे वाटप, ग्रंथालय आणि पैसा ज्या पदांकडे असतो ती पदे वेगळी.

आमच्या संघातील काही जणींनी मात्र एक व्यवस्था सुरू केली आहे. बाळंतपणासाठी किंवा आजारपणासाठी थांबणाऱ्या सहकारीच्या फाइली ठरलेली दुसरी वकील सांभाळते, मूळ वकीलपत्र तसेच राहते, आणि परत आल्यावर फाइली परत दिल्या जातात.

काळा_गाऊन

ही व्यवस्था तपशिलात सांगाल का? आधीच्या वकिलाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने त्याच प्रकरणात हजर होऊ नये, असा नियम असल्याने मूळ वकीलपत्र कायम ठेवणे योग्यच आहे. माझ्या दोन शंका आहेत. मधल्या काळातील फी कोणाची, आणि पक्षकाराला सांभाळणारीच आवडू लागली तर काय?

तालुका_बार

फीचा प्रश्न सोपा निघाला. ज्या तारखेला जी उभी राहील तिची त्या तारखेची फी, आणि ठरलेल्या एकूण फीपैकी उरलेला हिस्सा मूळ वकिलाचा, असे आधीच लिहून ठेवतो. पक्षकाराचा प्रश्न अवघड आहे. वकील निवडण्याचा हक्क त्याचा असल्यामुळे त्याला बांधून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. म्हणून सुरुवातीलाच त्याला दोघींसमोर बसवून सांगतो, की अमुक महिन्यापर्यंत या मॅडम पाहतील आणि नंतर मी परत येईन. तशा पत्रावर त्याचीही सही घेतो. आतापर्यंत एका पक्षकाराने सांभाळणारीकडेच राहणे पसंत केले, आणि त्या वेळी तिने पुढील फीतला काही भाग पहिलीला द्यावा की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. येथील वरिष्ठांनी याबाबत मत दिल्यास पुढील बैठकीत मांडता येईल.